लाइट आली की हुसेन येतो

…न्हाय, तुमी हसतासा, हसा की, मी कुठं नको म्हणतोय, पर तुमच्या टेबलावर रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मेलेला माणूस येऊन बसला असता न्हवं, मग बघितलं असतं कोण किती हसतंय ते. येऊन बसला म्हणजे खुर्चीत न्हवं हो. कॉम्प्युटरमधी. उजव्या कोपऱ्यात एवढीशी चौकट, चौकटीत नाव "हुसेन", आणि नावाम्होरं हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे माणूस हाय, बसलाय, बोला. लाल म्हणजे न्हाय. आता माणसाला मातीत ठेवून आलो, चाळिसावा झाला, चाळिसाव्याचं जेवलो सुद्धा मी, आणि ठिपका हिरवा. मग लाल कुणी व्हायचं, मी?

आणि येळ कुठली? तर अकरा दहा. आमच्याकडं लोडशेडिंग, आठला लाइट जाती ती अकराला येती. अकराला पंखा फिरला की मी कॉम्प्युटरचं बटण दाबायचो, तो घूं घूं करत दहा मिनिटं घ्यायचा, आणि उघडला की पयला हुसेन. लाइट आली की हुसेन येतो. माणसाची भुतं अंधारात येतात म्हणं, आमचं भूत वीज मंडळाच्या टायमानं यायचं.

आणि तुमास्नी सांगतो, मी भूत मानतच न्हाय. आमच्या आज्जानं छप्पन्न साली दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातला माणूस मी, जोतीराम कांबळे. छप्पन्न सालापास्नं आमच्या घरात लिंबू फकस्त पोह्यावर पिळायला येतंय. अशा माणसाच्या कॉम्प्युटरवर भूत. म्हणजे मानत असतो तर निदान काय करायचं ते तरी म्हाईत असतं की.

थांबा, हुसेन कोण ते सांगतो, न्हायतर तुमी म्हणशीला खुळं काय बोलालंय. उद्यमनगरात माझी फौंड्री. बारकीच हाय, ओतकामाची. आणि ओतकाम करायचं तर आधी लाकडाचा पॅटर्न लागतो, म्हणजे पंपाचा भाग बनवायचा असंल तर तसाच्या तसा लाकडाचा करायचा, तो वाळूत दाबायचा, ठसा उठला की त्यात लोखंड वतायचं. तो लाकडाचा पॅटर्न करणारा हुसेन. तीन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. सागवानाच्या भुशात बसलेला असायचा, भुवयांवर भुसा, मिशीवर भुसा, चहात सुद्धा भुसा. पर हात असा, की कागदावरची रेघ बघायचा आणि लाकूड त्याचं ऐकायचं. तीस वर्सं आमी बरबर काम केलं. तीस वर्सांत त्यानं मला कधी जोतीराम म्हटलं न्हाय. जोत्या. आणि जोत्याच्या मागं-म्होरं एक शिवी. तिथनं बोलणं सुरू.

आता हे कोल्हापूरच्या भायेरच्या माणसाला सांगून कळत न्हाय. भायेरचा पावणा ऐकतो आणि म्हणतो, हे भांडालेत. आरं बाबा, शिवी दिली म्हणजे सगळं बेस चाललंय. ज्या दिवशी कोल्हापूरचा दोस्त तुमास्नी "आपण" म्हणंल, "या, बसावं" म्हणंल, त्या दिवशी समजायचं, मुडदा पडला दोस्तीचा.

तर ह्या हुसेनची पोरगी अफसाना. हुशार, लय हुशार. कॉम्प्युटरच्या इंजिनेरिंगला गेलती. शेवटच्या वर्साला त्यांना काहीतरी बनवून दाखवायला लागतंय, तर तिनं काय बनवलं? कुलूप. म्हणजे कॉम्प्युटरवरनं कॉम्प्युटरवर चिठ्ठी पाठवायची, पर चिठ्ठीला कुलूप. दोघांनी एक शब्द ठरवायचा. तो शब्द दोघांच्या मशीनमधी भरला असंल तरच चिठ्ठी वाचता येणार, न्हायतर नुसते चौकोन, उलटे जिने, चिनी अक्षरं. मास्तरांनी शंभरातले ब्याण्णव दिले. आणि वापरून बघायला तिला दोन माणसं पायजे होती, तर धरलं आमाला. "अब्बा, जोतीकाका, तुमची ड्रॉइंगं चोरीला जातात म्हणतासा न्हवं, मग ह्यावर बोला, कुणाच्या बापाला वाचता येणार न्हाय."

ते खरं होतं, उद्यमनगरात तुमी शिंकलासा तर शेजारचा त्याची नक्कल करून कमी दरात विकतो. म्हणून आमी दोघांनी कॉम्प्युटर घेतले. एकेका बोटानं टायपायचो. आणि तुमास्नी सांगतो, त्या ब्याण्णव मार्कांच्या कुलपात आमी गुपितं काय पाठवली? "चहा झाला काय रे म्हशीच्या?" कुलूप. "न्हाय झाला, ये की रेड्या." कुलूप. दिल्लीतल्या सरकारचं चहापाणी एवढं जपून होत नसंल.

आणि शब्द दर महिन्याला बदलायचा, असा अफसानाचा नियम. कवा बदलायचा? तर अमावस्येला. ते कसं झालं सांगतो. अमावस्येला माझी माणसं भट्टीला नारळ फोडतात. संग्राम, माझा मिस्त्री, तो म्होरं असतो. मी त्यांना कधी आडवलं न्हाय, ज्याची त्याची श्रद्धा, त्यांचं हात भाजतात, माझं न्हवं. पर मी आत उभा राहत न्हाय. आणि अमावस्येला हुसेन पॅटर्न घेऊन आलेला असायचा, तोबी आत जायचा न्हाय. म्हणजे आत आरती, आणि भायेर कडुलिंबाखाली एक बौद्ध आणि एक मुसलमान, अर्धा तास बिनकामाचे. मग काय करायचं? तर शब्द बदलायचा. एका महिन्याला त्याचा शब्द, एका महिन्याला माझा. लिहायचा न्हाय, फोनवर सांगायचा न्हाय, कानात सांगायचा. त्याची मिशी कानाला टोचायची, भुसा कानात जायचा. मग आतनं संग्राम ताट घेऊन यायचा, आणि श्रद्धा नसलेली ही दोन माणसं सगळ्यात जास्त खोबरं खायची.

आणि अफसानानं आणि एक खोड करून ठेवलीती. शब्द बदलला की त्या मशीनवरलं जुनं सगळं पुसून जायाचं. म्हणजे दर अमावस्येला पाटी कोरी.

आता भांडण. ते मला सांगावंच लागंल, आणि मला सांगायला लाज वाटते, पर तुमी बसलाईसाच तर ऐका.

एका पंपाचं नवीन ड्रॉइंग आमी दोघांनी महिनाभर डोकं लावून केलतं. कागद एकच, माझ्या टेबलाच्या खणात. आणि एका सकाळी समोरच्या शेडमधी बघतो तर आमचाच पंप. भोकाला भोक. माझं डोकं फिरलं. खणाची चावी दोघांकडं, माझ्याकडं आणि हुसेनकडं. तेवढ्यात हुसेन आला, बगलंत पॅटर्न, आणि मी संग्रामच्या म्होरं, सगळ्या माणसांच्या म्होरं बोललो. काय बोललो? "चावी तुझ्याकडं होती. भायेरचा कोण येतोय चोरायला?" एवढंच. लय न्हाय. पर तीस वर्सांच्या दोस्ताला तेवढं पुरतंय.

हुसेननं शिवी सुद्धा घातली न्हाय. पॅटर्न खाली ठेवला, खिशातनं चावी काढली, पॅटर्नवर ठेवली आणि म्हणाला, "येतो जोतीरामराव."

जोतीरामराव. माझ्या पायाखालची वाळू सरकली.

दुसऱ्या दिवशी कुलपातनं चिठ्ठी. "आपला पॅटर्न तयार आहे. माणूस पाठवावा. कळावे." तिसऱ्या दिवशी, "आपण सांगितलेले माप मिळाले. आभारी आहे." अहो आभारी आहे! ज्यानं माझ्या लग्नात माझी पगडी मागनं ओढली तो माणूस मला आभारी आहे. आणि तिसऱ्याच दिवशी घरात जेवताना बायको म्हणती, "अवो, त्या रद्दीवाल्याला टेबलाच्या खणातलं कागदबी घातलासा न्हवं? फौंड्रीतलं कपाट मोकळं करताना? मी म्हटलंतं बघून घाला." घास तोंडात तसाच राहिला. मीच घातलंतं. ड्रॉइंग मी सोताच्या हातानं रद्दीत घातलंतं, आणि चोर म्हणून हुसेनला उभं केलतं.

मग काय, उठायचं, तीन गल्ल्या चालायचं, म्हणायचं चुकलो. सोपं हाय न्हवं? मी पाच दिवस चाललो न्हाय. तुमी म्हणशीला का? कारण चार माणसांत बोललोतो, आता चार माणसांत खाली बघायला लागणार म्हणून. माज. दुसरं काय न्हाय. पाच दिवस मी माझा माज कुरवाळत बसलो.

आठव्या दिवशी अमावस्या. मंगळवार. आत नारळ फुटालाय, आणि मी कडुलिंबाखाली एकटा. कान मोकळा. लय वंगाळ वाटलं. तसाच आत आलो, अकराची लाइट आलीती, बसलो आणि एका बोटानं टायपलं, "हुसेन, चूक माझी. कागद माझ्याच रद्दीतनं गेला. सगळ्यांम्होरं बोललो, सगळ्यांम्होरं माफी मागतो." पाठवलं. ठिपका हिरवा. दहा मिनिटं काय न्हाय. मग टुण्ण. उत्तर आलं.

चौकोन, जिने, चिनी अक्षरं. अडीच ओळी.

म्हटलं बरोबर, आज अमावस्या, नारळ झाला, पाळी त्याची, म्हणजे ह्यानं नवीन शब्द घातला. आता नियमानं हा माणूस कानात सांगायला येणार. चारला चहाला येतो कायम, म्हणजे चारला येईल. मी संग्रामला सांगून चारसाठी दोन चहा आणि बुडवायला दोन बटर मागवून ठेवले.

हुसेन एक वाजता गेला. कामाच्या फळीवरच. हातात पटाशी होती.

पटाशी त्याच्या हातनं मी सोडवली. मीच गेलतो ना पयला, हुसेनच्या बायकोचा, लालबी वैनींचा फोन आला आणि त्या तीन गल्ल्या, ज्या मला आठ दिवस चालता आल्या न्हाईत, त्या मी पळत गेलो. खांदा दिला, माती दिली. सगळे म्हणाले, काय दोस्ती, काय दोस्ती. आणि माझ्या डोक्यात एकच, त्या अडीच ओळीत काय हाय? माफ केलं काय न्हाय केलं? "जोत्या" लिवलंय का "आपण"? मेला तो माझा दोस्त म्हणून मेला, का आभारी आहे म्हणून मेला?

कुलपाला विचारलं तर ते शब्द मागतंय. मग मी शब्द घालायला लागलो, चुकीचा शब्द ते घेतच न्हाय, म्हणून पुसायचं भ्या नव्हतं. सागवान. न्हाय. पटाशी. न्हाय. भुसा, रंधा, लालबी, अफसाना, बटर. न्हाय, न्हाय, न्हाय. म्हटलं शिव्या घालून बघू. तुमास्नी सांगतो, उभ्या उद्यमनगरात चालतात तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्या कॉम्प्युटरला घातल्या, टायपून. संग्राम मागनं आला, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि टोपी काढून भायेर जाऊन उभा राहिला. मग मी ओळी मोजायला लागलो. रागावला असता तर एका ओळीत भागलं असतं, "आपले पत्र मिळाले." अडीच ओळी कशाला? पर मग दुसरं मन म्हणायचं, तोडायचं असलं तरी अडीच ओळी लागतात की. तीस वर्सांची दोस्ती तोडायला अडीच ओळी म्हणजे थोडक्यातच झालं.

अफसानाला विचारायचं तर कुठल्या तोंडानं? तिला भांडण म्हाईत न्हाय. कुणालाच न्हाय, माझ्या माणसांशिवाय. मी तिच्या बापाला चोर म्हटलं हे तिला मी सांगू? गप बसलो.

आणि चाळिसावा झाला. त्याच्या पुढच्या सोमवारी लाइट आली, कॉम्प्युटर घूं घूं झाला, आणि कोपऱ्यात हुसेन. हिरवा.

मी खुर्चीसकट मागं गेलो. वाळूच्या ढिगात पडलो ओ, सांगायला काय लाज. संग्राम धावत आला. मी नुसतं बोट केलं. त्यानं वाचलं आणि हात जोडले. "मालक, हुसेनचाचांची काहीतरी विच्छा राहिलीया." म्हटलं, "गप रे, असलं काय नसतंय." तर म्हणतो, "नसतंय तर मग वाळूत का बसलाईसा?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. लाइट आली की हुसेन येतो. रविवारी येत न्हाय. जिवंत असतानाबी रविवारी यायचा न्हाय, रविवारी मटण. म्हणजे सवयी सुद्धा त्याच. मी बघितलं न्हाय असं बघून संग्रामनं पडद्याला लिंबू-मिरची बांधली. मी सोडून टाकली. त्यानं मागच्या बाजूला बांधली. मला दिसली. मी सोडली न्हाय. छप्पन्न सालानंतर आमच्या घराण्यात पयलं लिंबू.

आणि चौथ्या दिवशी मी लिहिलं. जुनाच शब्द माझ्या मशीनमधी, त्यातनंच लिहिलं, "कोण हाय?" उत्तर न्हाय. "हुसेन?" न्हाय. हिरवा ठिपका नुसता बसलेला, ऐकतोय असा. आणि ऐकणारा गप असला की माणूस बोलत सुटतो बघा. मी रोज लिहायला लागलो. माफ कर म्हणून. समोरच्या शेडवाल्याचा पंप गळतोय म्हणून. तुझ्यासारखा पॅटर्न कोण करत न्हाय म्हणून. एक दिवस लिहिलं, "शिवी तरी घाल की रे." आणि भ्यायचो, खरं सांगतो, रोज भ्यायचो. लाइट येऊ नये असं वाटायचं, आणि एखाद्या दिवशी अर्धा तास उशिरा आली तर जीव घाबरायचा, म्हटलं आला न्हाय का काय आज. पावणेदोन महिने. बायको म्हणायला लागली, तुमी वाळालासा.

मग मात्र उठलो. म्हटलं काय व्हायचं ते होऊ दे. एसटी धरली, इचलकरंजीला गेलो, अफसाना तिथं कॉलेजात शिकवती. तिच्या घरात बसलो, पाणी प्यालो, आणि सांगितलं. रद्दी, चावी, चार माणसं, जोतीरामराव, सगळं.

ती म्हणाली, "अम्मी म्हणालीती, त्या आठवड्यात अब्बा अर्धं जेवान टाकून उठायचे. आमाला वाटलं पोट बिघडलंय." मला वाटलं जमिनीत गाडून घ्यावं. पर शहाणी पोरगी, तिनं डोळं पुसलं आणि मास्तरीण झाली. म्हणाली, "काका, चिठ्ठी मला तोडता येणार न्हाय."

"अगं तूच बनवलंईस की."

"मी बनवलंय म्हणूनच. मला तोडता आलं असतं तर ब्याण्णव पडले असते व्हय?"

"मग तो ठिपका?"

"अब्बांच्या मशीनमधी शब्द भरून ठेवलेला असणार, बटण दाबलं की कुलूप आपोआप उघडतंय. कुणीतरी बटण दाबालंय. आणि त्या मशीनवर चिठ्ठी सरळ वाचता येईल. कुठाय अब्बांचा कॉम्प्युटर?"

"विकला."

"कुणी?"

आता काय सांगू? मीच. चाळिसाव्यानंतर लालबी वैनी म्हणाल्या, "जोतीभाऊ, ते यंत्र डोळ्याम्होरनं न्या," आणि मलाबी ते बघवत नव्हतं, उचललं आणि शाहूपुरीत जुना माल घेणाऱ्याला देऊन आलो. आत काय असतंय, नसतंय, मला काय ठावं? मला वाटलं माणूस गेला की त्यातलंबी जातंय. अफसानानं कपाळाला हात लावला. "काका, कागद रद्दीत घातलासा आणि आता अब्बांना भंगारात."

बोलली ती खरं बोलली. ऐकून घेतलं.

शाहूपुरीच्या दुकानदारानं वही चाळली, म्हणाला, गडहिंग्लज, स्टँडच्या मागं, लग्नपत्रिका छापणारी बाई. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. दुकान बारकं, भिंतभर पत्रिका, आणि टेबलामागं अक्षता नावाची तिशीतली बाई. आणि तिच्याम्होरं हुसेनचा कॉम्प्युटर. बाजूला भुसा अडकलेल्या फटी मी वळखल्या. आणि पडद्यावर काय असावं? लिंबू-मिरची.

म्हटलं, "ताई, हे लिंबू कशाला?"

"काय सांगू अण्णा," ती म्हणाली, तिकडं कानडी वळण, परक्या बाप्याला अण्णाच म्हणतात, "घेतल्यापास्नं पीडा हाय ह्याला. अकराला लाइट आली, दुकान उघडलं, ह्याचं बटण दाबलं की कोपऱ्यात कोणतरी जोत्या उगवतोय. आणि रोज काहीतरी वाकडंतिकडं लिहितोय, चिनी का राक्षसाची भाषा कुणाला ठावं. आमच्या आईनं अंगारा लावला, न्हाय थांबला. दोन महिने झाले. मला तर वाटतंय कुणाचा तरी आत्मा अडकलाय ओ ह्याच्यात."

मी म्हटलं, "ताई, तो जोत्या मी."

ती उठून उभीच राहिली. माझ्या पायाकडं बघितलं, पाय सरळ हायत का म्हणून.

म्हणजे बघा, इकडं मी तिला भ्यालोय, तिकडं ती मला भ्यालीय, दोन्हीकडं लिंबं बांधलेली, आणि मधी हुसेन निवांत. मी तिला सगळं सांगितलं. बसवलं तिनं, ताक दिलं. म्हटलं, "ताई, त्या चिनीच्या वर, अगदी वर, एक सरळ चिठ्ठी असंल. अडीच ओळींची. माझा चष्मा गाडीत राहिला काय की, तेवढी वाचून दावा." चष्मा खिशात होता. सोताच्या डोळ्यानं वाचायचं धाडस नव्हतं, म्हणून खोटं बोललो.

ती पडद्यावर वर वर गेली आणि थांबली.

"हाय न्हवं?"

"हाय." मान खाली. "अण्णा, ते माझ्यानं वाचायला व्हायचं न्हाय."

म्हटलं संपलं. आपण, कळावे, आभारी. "वंगाळ हाय व्हय? असू दे, वाचा."

"न्हाय ओ," ती तांबडी लाल, "पयल्याच ओळीत शिवी हाय. लय घाण. पयल्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला तवा मला वाटलं मलाच घातली."

"शिवी हाय?" मी म्हटलं. "ताई, नक्की शिवी हाय?"

"अण्णा, दोन हायत."

मी चष्मा काढला खिशातनं. वाचलं. शिव्या मी हितं सांगत न्हाय, बायामाणसं बसल्यात. पर त्याच्या म्होरचं असं होतं, "…जोत्या, आठ दिवस लागले व्हय हे लिहायला? उरलेला अर्धा कागद मला दुसऱ्याच दिवशी भडंगाच्या पुडीत मिळालाय. तुझ्या तोंडनं ऐकायचं होतं. चारला येतो. शब्द कानात सांगतो, चहा मागवून ठेव."

मागवला होता रे. दोन चहा, दोन बटर, मागवून ठेवलेते.

रडलो. त्या लग्नाच्या पत्रिकांत बसून, गणपतीच्या चित्रांत, सप्तपदीच्या चित्रांत, मोठ्यानं रडलो. एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, काय झालं, तर अक्षता म्हणाली, "अण्णांना त्यांच्या दोस्तानं शिवी दिली." गिऱ्हाईक म्हणालं, असं व्हय, आणि बसलं.

नवीन शब्द काय होता ते कळालं न्हायच. शब्दाच्या जागी सहा फुल्या. म्हणजे जाताना तेवढा घेऊन गेला. अक्षता म्हणाली, "अण्णा, हे काढून टाकू काय?" म्हटलं, नको. शब्द बदलला तरी चिठ्ठी पुसणार, कुलूप काढलं तरी पुसणार. म्हटलं, ताई, असू दे कोपऱ्यात, तुमचं काय खातंय? ती म्हणाली, असू दे की.

पर तुमास्नी सांगतो, भूत होतं तेच बरं होतं. आता लाइट येती, ठिपका हिरवा होतो, आणि मला ठावं असतंय की अक्षतानं दुकान उघडलं. भीती गेली, पर हुसेनबी गेला. पयल्या बारीला एक वाजता गेला होता, दुसऱ्या बारीला गडहिंग्लजच्या स्टँडवर गेला. तरी लिहितो मी रोज. सवय. काय लिहितो? आता माफी कशाला, शिव्याच लिहितो. बायामाणसाच्या दुकानात रोज सकाळी ताजी शिवी जाती, पर कुलूप लावून, म्हणजे सभ्य. तिला दिसतात नुसते चौकोन. परवा फोन करून इचारती, "अण्णा, रोज काय लिहितासा ओ एवढं?" म्हटलं, "चहा झाला काय इचारतो."

तर म्हणती, "लिहा लिहा. ज्या दिवशी ती चिनी यायची न्हाय, त्या दिवशी मी कोल्हापूरला फोन करीन, हाईसा का गेलासा बघायला. आता तर गिऱ्हाइकं सुद्धा थांबतात ओ. अकरा वाजले की म्हणतात, थांब, अण्णांचं भूत यायचं हाय."

घ्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस, आणि गडहिंग्लजात स्टँडच्या मागं माझं भूत रोज अकरा दहाला हजेरी लावतंय, आणि त्या भुताचा, तुमास्नी सांगतो, तवर अजून पयला चहा सुद्धा झालेला नसतोय.